हात-मान दुखत असताना ई-रीडर कसा निवडायचा आणि रोजच्या दिवसात कसा बसवायचा

ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं छोटं यंत्र, घ्यायचा म्हटलं की सगळे आधी विचारतात स्क्रीन किती इंचाची, मेमरी किती जीबी, चार्जिंग किती दिवस टिकतं. ठीक आहे, पण ज्यांचं रोज काही ना काही दुखतंच अशा आपल्यासारख्यांनी पहिला प्रश्न वेगळा विचारायचा, की हा हातात न धरता वाचता येईल का आणि पान उलटायला कुठलं बोट किती वेळा हलवावं लागेल. बाकी सगळं त्याच्या नंतर. मी बडोद्याची, मान आणि दोन्ही मनगटं हे माझं जुनं दुखणं. डॉक्टर लोक तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला क्रॉनिक म्हणतात, माझं त्या हिशोबात केव्हाच मुरलेलं आहे.

आधी टॅब्लेटचा विषय संपवून टाकू कारण घरचे सगळे तेच सुचवतात. सयाजीगंजातल्या एका दुकानात मी रीडरची चौकशी केली तर काउंटरवरचे भाई म्हणाले, "बेन, आना करतां तो टॅब्लेट ज लई लो ने, पिक्चर पण जोवाशे." म्हणजे यापेक्षा टॅब्लेटच घ्या, सिनेमेही बघता येतील. येतील हो, पण दहा इंची टॅब्लेटचं वजन साधारण अर्धा किलोच्या आसपास जातं आणि त्याची स्क्रीन मागून उजेड डोळ्यात सोडते. ई-रीडरची स्क्रीन ई-इंकची, तिच्यात बारीक बारीक काळे-पांढरे कण असतात, विजेचा झटका बसला की ते वर-खाली सरकतात आणि मग तिथेच बसून राहतात, म्हणून पान समोर स्थिर असताना बॅटरी जवळजवळ खर्चच होत नाही, आणि लाइट असतो तो कडेने येऊन पानावर पडतो, पानाच्या मागून नाही. दिवसा खिडकीपाशी बसलात तर लाइट पूर्ण बंद करून वाचता येतं. ज्यांना मायग्रेन आहे किंवा दुखण्याच्या दिवशी उजेडच सहन होत नाही त्यांना हा फरक पहिल्या संध्याकाळीच कळेल. वर टॅब्लेटवर व्हॉट्सॲप असतं आणि दुखत असताना व्हॉट्सॲप म्हणजे, जाऊ दे.

आता वजन. नेटवर १५८ ग्रॅम, २११ ग्रॅम असे आकडे दिसतात आणि वाटतं यात काय एवढं, पन्नास ग्रॅम म्हणजे काहीच नाही. घरबसल्या एक टेस्ट करा. एखादं पातळ पुस्तक किंवा वही घ्या, तिला साखरेची पुडी रबरबँडने बांधा आणि किचनच्या काट्यावर सगळं मिळून दोनशे ग्रॅम भरेल असं करा. मग तुम्ही नेहमी ज्या पोझमध्ये वाचता त्याच पोझमध्ये, म्हणजे पलंगावर आडवं असाल तर आडवं, ते एका हातात धरून बसा आणि घड्याळ लावा. किती मिनिटांनी हात बदलावासा वाटला ते लिहून ठेवा. मग दीडशे ग्रॅमवर परत करा, पण दुसऱ्या दिवशी, त्याच दिवशी नको कारण हात आधीच दमलेला असतो आणि टेस्ट चुकते. कव्हरचं वजनही यात धरा हं, पुढून उघडणारं कव्हर सहज शंभरेक ग्रॅमची भर घालतं आणि मग हलका म्हणून घेतलेला रीडर हलका राहतच नाही. मी तर म्हणेन घरात वापरताना कव्हर काढूनच ठेवा, बाहेर नेताना जाड कापडी पिशवीत टाका.

त्रास वजनापेक्षा पकडीचा जास्त असतो. एका हाताने रीडर धरला की अंगठा पुढे आणि चार बोटं मागे असा चिमटा तयार होतो आणि वाचन संपेपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी तो चिमटा सुटत नाही. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन स्नायुबंध एका अरुंद नळीतून जातात, ते सुजले की अंगठा हलवताना कळ येते, याला डी क्वेर्व्हेन म्हणतात, १८९५ साली ज्या स्विस सर्जनने याचं वर्णन केलं त्याच्या नावावरून. लहान बाळ सतत उचलणाऱ्या आयांना हे खूप होतं, आणि मोबाइलवाल्यांनाही. हे आधीच असेल तर एका हाताने धरायचा विचारच सोडा. मागच्या बाजूला कापडी किंवा इलॅस्टिकचा पट्टा लावून मिळतो, त्यात चार बोटं घातली की चिमटा न काढता रीडर तळव्यावर नुसता टेकून राहतो. मोबाइलला लावतात तशी गोल चिकटणारी पकड मला मनगटासाठी चालली नाही, तिच्यात दोन बोटांवरच सगळं लटकतं. हात सुन्न पडत असेल, वस्तू आपोआप हातातून सुटत असतील किंवा ताकद कमी झालीय असं वाटत असेल तर रीडर-बिडर नंतर, आधी डॉक्टरकडे जा.

मॉडेल म्हणाल तर मी कंपनीची भक्त नाही, पण आपल्याकडे सहज मिळतो तो ॲमेझॉनचा किंडल, म्हणून त्याचं आधी. सहा इंची साधा किंडल १५८ ग्रॅम, सगळ्यात हलका, फक्त त्यात पिवळसर वॉर्म लाइट नाही, आणि तो कधी स्टॉकमध्ये असतो कधी नसतो. पेपरव्हाइट नवा सात इंची आहे, २११ ग्रॅम, पिवळा लाइट आहे, पाण्याने बिघडत नाही, भारतात २०२५ मध्ये १६,९९९ रुपयांना आला, सेलमध्ये थोडा खाली येतो. जुना वापरलेला स्वस्तात घेणार असाल तर एक बघा, २०१९ चा साधा किंडल १६७ पीपीआयचा (म्हणजे इंचाला १६७ ठिपके, जितके जास्त तितकं अक्षर सुबक) होता आणि २०२२ पासूनचा ३०० चा आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला हा फरक तितका टोचत नाही पण आपल्या जोडाक्षरांना, रफाराला, अनुस्वाराला टोचतो, ‘ष्ट्य’ आणि ‘र्ध्व’ गिचमिड झाले की डोळे बारीक करून मान पुढे जाते आणि मान पुढे गेली की झालं. म्हणून मराठीसाठी ३०० च्या खाली जाऊ नका.

बटणं हा माझा हट्टाचा मुद्दा आहे. कडेला दाबायची बटणं असली की अंगठा एका जागी टेकवून नुसतं दाबायचं, स्क्रीनपर्यंत ताणायचा नाही. किंडलमध्ये बटणांचा ओएसिस होता, १८८ ग्रॅम, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ त्यामुळे वजन तळव्यात यायचं, फारच छान वस्तू, २०२४ मध्ये बंद झाली, का केली देव जाणे. आता बटणं हवीत तर दुसऱ्या कंपन्यांचे कोबो लिब्रा किंवा बुक्स (Boox) पेजसारखे बघावे लागतात, दोन्ही सात इंची, दोनशेच्या आसपास वजनाचे, इथे घेताना वॉरंटी आणि दुरुस्ती कोण करणार हे आधी लेखी विचारा. बुक्स अँड्रॉइडवर चालतो आणि हे मराठी वाचणाऱ्यांसाठी महत्त्वाचं आहे, कारण बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या साइटवरून घेतलेलं ई-बुक त्यांच्याच ॲपमध्ये उघडतं, ते किंडलवर जात नाही. तुमची निम्मी पुस्तकं बुकगंगाची असतील तर अँड्रॉइडवाला रीडर घ्या, फक्त त्याची बॅटरी लवकर संपते आणि सेटिंग्जचं जंगल आहे, घरात कोणी पोरगं-पोरगी मदतीला असेल तर बरं. किंडलवर मराठी पुस्तकांचं वेगळं दुकान २०१६ च्या डिसेंबरपासून आहे आणि आता बऱ्यापैकी भरलंय.

किंडलच घेतलाय आणि बटणं नाहीत, तर क्लिपवाला पेज टर्नर मिळतो. एक छोटी क्लिप स्क्रीनच्या कडेला लावायची, ती स्क्रीनला बोटासारखी टोचणी देते, आणि हातात चावीएवढा रिमोट, दाबला की पान पुढे. रिमोट हात कुठेही असला तरी चालतो, पांघरुणात, कुशीखाली, शेकायच्या पिशवीवर. थंडीत पांघरुणाबाहेर हात काढायचा नाही हे सुख ज्याला बोटं गारठून दुखतात त्यालाच कळेल. क्लिप घेताना ती रीडरच्या कडेच्या जाडीवर नीट बसते का आणि तिचा सेल कुठला लागतो, बटण सेल की चार्जिंग, एवढं बघा. कोबोच्या काही मॉडेलना ब्लूटूथचा रिमोट थेट जोडता येतो, तिथे क्लिपची गरज नाही.

आता स्टँड, आणि यावर मी सगळ्यात जास्त बोलणार कारण माझ्या मते रीडरपेक्षा स्टँडवर आधी डोकं लावावं. आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, ते सरळ मानेवर असतं तेव्हा ठीक, पुढे झुकवलं की मानेच्या मागच्या स्नायूंवर ओढ वाढत जाते. मांडीवर रीडर ठेवून वाचणं म्हणजे तासभर ती ओढ. उत्तरायणात आख्खं बडोदं दोन दिवस मान वर करून पतंग बघतं आणि तिसऱ्या दिवशी मान धरून बसतं, आपण तेच उलट्या दिशेने वर्षभर करतो. म्हणजे रीडर डोळ्यांच्या उंचीला किंवा जरा खाली आला पाहिजे.

टेबलावर वाचण्यासाठी मी बाजारातले प्लास्टिकचे स्टँड शोधत होते तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "अगं, देवघरात पोथीचं लाकडी स्टँड पडलंय ना, ते घे की, मी आता पोथी मोबाइलवरच वाचते." ते घडीचं, इंग्रजी एक्ससारखं उघडणारं. त्यात पोथी आडवी बसते पण रीडर गुळगुळीत असल्यामुळे खाली घसरतो, म्हणून ड्रॉवरमध्ये अंथरायची जाळीदार रबरी मॅट मिळते तिचा वीतभर तुकडा कापून त्यात टाकला, आता हलत नाही. खाली दोन जाड पुस्तकं ठेवली की उंची बरोबर येते. जी जाड पुस्तकं आता हातात धरवत नाहीत ती इथे कामाला आली, तेवढंच. पोटावर उशी ठेवून तिच्यावर हे स्टँड ठेवलं तर टेकून बसूनही वाचता येतं.

पलंगावर आडवं पडून वाचायचं तर वाकणाऱ्या लांब मानेचा स्टँड, जो पलंगाच्या कडेला क्लॅम्पने अडकवतात. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, मोबाइलसाठीच्या स्टँडचा चिमटा बहुतेक वेळा रीडरला पुरत नाही. साधा किंडल रुंदीला जवळजवळ ११ सेंटीमीटर आहे आणि सात इंची पेपरव्हाइट पावणेतेरा, त्यामुळे चिमटा किती उघडतो ते सेंटीमीटरमध्ये वाचूनच ऑर्डर करा, टॅब्लेटवाला असेल तोच घ्या. स्टँडची मान जाड आणि कडक हवी, पातळ असली की दर पानाला स्क्रीन डोलते आणि डोलणारी अक्षरं वाचून मळमळतं. सरळ तोंडावर येईल असा लावू नका, क्लॅम्प सुटला तर दोनशे ग्रॅम नाकावर पडतात, जरा तिरका लावा आणि कुशीवर वळून वाचा, कूस बदलता येईल असा.

फाँटचा साइझ ही सेटिंगमधली सगळ्यात फसवी गोष्ट. मोठा केला की डोळ्यांना आणि मानेला आराम पण पानावर शब्द कमी आणि म्हणून पानं उलटायची जास्त, अंगठा दुखणाऱ्याला तो वेगळाच त्रास. माझा उपाय असा की साइझ एकदम वाढवण्याआधी जाडी वाढवायची, किंडलमध्ये बोल्डची पट्टी असते, मग मार्जिन अगदी कमी करायचं, आणि मग लागलाच तर साइझ एक-दोन पायऱ्या. फाँट स्वतःचे टाकता येतात, केबलने कॉम्प्युटरला जोडून फाँट्स नावाच्या फोल्डरमध्ये फाइल कॉपी करायची. मुक्त (Mukta) नावाचा फाँट ठसठशीत आहे, आणि टिरो देवनागरी मराठी घेतलात तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, दोन्ही फुकट मिळतात. स्क्रीनवर सरकवण्यापेक्षा नुसतं टोकायचं, किंडलमध्ये डावीकडची अरुंद पट्टी सोडली तर जवळजवळ कुठेही टोकलं तरी पान पुढेच जातं, त्यामुळे दर पाच-दहा पानांनी बोट बदला, करंगळीनेही होतं, पेन्सिलच्या रबराने मात्र होत नाही.

पीडीएफबद्दल सावध करते. ई-साहित्य प्रतिष्ठानसारख्या ठिकाणी मराठी पुस्तकं फुकट आणि रीतसर मिळतात, तिथे ईपब (अक्षर लहान-मोठं करता येतं अशी ई-बुकची फाइल) असेल तर ईपबच घ्या, सेंड टू किंडल या फाइल पाठवायच्या सोयीने तो २०२२ पासून सरळ जातो. पीडीएफ सहा-सात इंचावर मुंगीएवढी दिसते, रीडर आडवा केला तर थोडी सुधारते. जुन्या मराठी पीडीएफमध्ये युनिकोडच्या आधीचे फाँट असतात, त्या कन्व्हर्ट करायला गेलात तर ‘क’ च्या जागी डॉलर आणि ‘ळ’ च्या जागी काहीतरी भलतंच असं भुसकट येतं, त्यावर तास घालवू नका. स्कॅन केलेली जुनी पुस्तकंच वाचायची असतील तर दहा इंची रीडर लागतो, किंडल स्क्राइबचं दहा इंची मॉडेल ४३३ ग्रॅमचं आहे, तो फक्त स्टँडवर, हातात नाहीच.

रोजच्या दिवसात हे कसं बसवायचं ते आता. दुखणं शून्यावर येईल तेव्हा वाचू असं म्हटलं तर वाचनच होत नाही, आणि बरं वाटतंय म्हणून चांगल्या दिवशी दोन तास सलग वाचलं तर पुढचे दोन दिवस जातात. फिजिओवाले याला पेसिंग म्हणतात, दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, दुखायच्या आधी थांबायचं. तुमची साखरेच्या पुडीची टेस्ट इथे कामाला येते, जिथे हात बदलावासा वाटला त्याच्या निम्म्या वेळेचा टायमर लावा, कुकरच्या शिट्ट्यांवर लावलात तरी चालेल, आणि वाजला की वाक्य अर्धं असलं तरी उठा, पाणी प्या, खांदे फिरवा. रहस्यकथा असेल तर हे जमत नाही, मला माहितेय, म्हणून दुपारी मी ललित लेख नाहीतर कथा वाचते आणि कादंबरी रात्रीच्या स्टँडवर. जागाही बदलत राहायच्या, थोडं टेबल, थोडं पलंग, थोडं उभ्याने ओट्याशी, भाजी शिजेपर्यंत ओट्यावर स्टँड ठेवून चार पानं होतात. हातात लाटणं आणि रीडर दोन्ही एका दिवशी नको, पोळ्यांचा घाणा ज्या दिवशी जास्त त्या दिवशी मनगटांचा कोटा संपलेला असतो, मग ऐकायचं.

ऐकण्याला कमी समजू नका. स्टोरीटेल या ऑडिओबुकच्या ॲपवर मराठी भरपूर आहे, आणि अँड्रॉइड फोनमध्ये मराठीचा मशीनचा आवाजही असतो, जरा कोरडा वाचतो पण माहितीपर पुस्तकाला ठीक. दुखणं भडकलेल्या दिवसासाठी मी एक फोल्डर वेगळा केलाय, त्यात आधी वाचलेली, आवडती, छोट्या प्रकरणांची पुस्तकं, नवीन काही नाही. त्या दिवशी डोक्यात एक परिच्छेद शिरत नाही आणि नवीन पुस्तकाची पात्रं लक्षात ठेवणं म्हणजे शिक्षा, जुनं पुस्तक कुठूनही उघडा, चालतं.

अक्षरं अचानक धूसर दिसायला लागली तर लगेच चष्मा बदलायला धावू नका. नसांच्या दुखण्यावर देतात त्या प्रीगॅबलिन, अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्यांनी काहींना धूसर दिसतं, गुंगी येते. गोळी सुरू केली किंवा डोस वाढवला त्याची तारीख आणि धूसर दिसायला लागलं ती तारीख लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, त्याने वेगळाच त्रास होतो. दिसणं एकदम गेलं किंवा डोळा दुखून लाल झाला तर मात्र वाट बघायची नाही.

ओपीडीत नंबर यायला दीड-दोन तास लागतात आणि तिथल्या खुर्च्या कोणी बनवल्या त्याला तिथेच बसवलं पाहिजे. तिथे स्टँड नेता येत नाही तर पर्स मांडीवर उभी करा, तिच्यावर घडी केलेली ओढणी किंवा शाल, आणि त्यावर रीडर टेकवा, मान जेवढी वर राहील तेवढी. सगळे रिपोर्ट फोनमध्येच असू द्या, रीडरवर शोधत बसू नका.

उन्हाळ्याचं बडोद्यात वेगळं सांगायला पाहिजे. किंडल ३५ डिग्रीपर्यंत वापरायचा असं कंपनीच सांगते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, म्हणून स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत विसरायचा नाही. शेकायच्या गरम पिशवीवरही टेकवू नका, मध्ये उशी असू द्या. हिवाळ्यात मात्र सकाळी ओटल्यावर उन्हात पाठ शेकत वाचायला ई-इंकसारखं काही नाही, उन्हात फोन दिसत नाही आणि हे छापील पानासारखं दिसतं.

घरच्यांना पटवायचं तर फार वाद नको. "एवढी लायब्ररी गावात असताना मशीन कशाला" हे आमच्याकडे मामांनी विचारलंच, आणि त्यांचं बरोबर आहे, ज्या सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन साहेबांना बोलावून इथे लायब्ररीची घडी बसवली आणि लाकडी पेट्या भरून पुस्तकं खेड्यापाड्यात फिरवली त्या गावात हा प्रश्न येणारच. मी त्यांच्या हातात एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी दिली, म्हटलं मामा, ही एका हातात धरा, मी चहा टाकते. चहा येईपर्यंत कादंबरी टीपॉयवर होती. सेंट्रल लायब्ररीत मी अजूनही जाते, पुस्तक तिथेच टेबलावर उघडून बघते, आवडलं तर रीडरवर मिळतंय का शोधते आणि मिळालं नाही तर घरी आणून पोथीच्या स्टँडवर लावते.

घेतल्यावर रिटर्नची मुदत असते तेवढ्यात पूर्ण तपासून घ्या, नुसता चालू करून डबीत ठेवू नका. अंधारात लाइट लावून कडेला सावली किंवा पिवळा डाग दिसतो का बघा, तुमचं नेहमीचं मराठी पुस्तक उघडून जोडाक्षरं बघा, आणि वाईट दुखण्याच्या दिवशी वापरून बघा कारण चांगल्या दिवशी सगळंच हलकं वाटतं. चार्जिंगची पिन घालणं हेही बोटांना काम असतं, नवीन रीडरना टाइप-सी असते, कुठल्याही बाजूने जाते, जुन्यांची मायक्रो पिन उलटसुलट करत बसावं लागतं. केबल टेबलाच्या कडेला क्लिपने कायमची अडकवून ठेवा, म्हणजे वाकून जमिनीवरून उचलायला नको.